मशीन सोप्यातच

बटण खट्‌कन वाजलं, आणि शेवया करून दमलेल्या बायका जिथं आडव्या झाल्या होत्या, त्या सोप्यात जुनं मशीन फुसफुसू लागलं. झोपेत घोरता घोरता संयोगिताचा श्वास अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी लग्नाआधीच ते दिलं होतं. रहिमतपूरला सून होऊन आल्यापासून सात वर्षं ते माळ्यावर पडून होतं. परवा लेकीला पुढं घेऊन स्कूटी चालवताना तिला डुलकी लागली. दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन तिनं मशीन तपासून घेतलं आणि नवा मास्क आणला.

"आगं, आत जाऊन लाव," सासूबाई कुजबुजल्या. "तोंडाला नळी बघून बाया काय म्हणतील? सून आजारी हाय म्हणतील."

"म्हणू द्या की, आत्या. मामंजी घोरत्यात ते साऱ्या गल्लीला चालतंय, आन् माझा श्वास नीट चालला तर घराची अब्रू जाती व्हय?"

"लाव गं बाई!" कोपऱ्यातून शेजारीण हसली. "आमच्या ह्यांनाबी एक आण."

सगळ्यांदेखत संयोगितानं मास्क नाकातोंडावर बसवला, पट्टा आवळला आणि सोप्याच्या मधोमध आडवी झाली.

सहा वर्षांची सृष्टी उशाशी येऊन बसली. आईच्या छातीवर हात ठेवून तिनं बराच वेळ कान दिला.

"आई, आता तुझा श्वास थांबणार न्हाई?"

संयोगितानं मानेनंच 'नाही' म्हटलं.

"म्हंजी तुला हलवायला मी रोज जागी राहती, ते आता नको? मीबी झोपू?"