वरच्याने हुंकार द्यायचा

धाकटी खाली गटारात उभी राहून अखंड बोलत होती आणि वर चरखीपाशी बसलेली थोरली साधं ‘हं’ म्हणायला तयार नव्हती.

कंपनीचा नियम होता तो. चेंबरमध्ये उतरेल त्याने बोलत राहायचं, वरच्याने हुंकार द्यायचा. आजोबांचा भागीदार एकदा खाली असताना गप्प झाला आणि वर कोणाच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून या कंपनीत मुखदुर्बळ माणसाला नोकरीच नव्हती. आता धाकटीच्या छातीवर विषारी वायू मोजणारं मीटर होतं, तरीही नियम तो नियम. मीटर बंद पडतं, आपल्या घराण्याची जीभ पडत नाही, असं बाबा म्हणायचे.

पण थोरलीने कंपनी विकायचं ठरवलं आणि दोघी बहिणींचा अबोला सुरू झाला. म्हणून थोरली हुंकाराऐवजी धाकटीच्या कमरेला बांधलेल्या दोरीला हिसका देत होती. एक हिसका म्हणजे ‘हं’.

“महाराणी दोरीने बोलतायत!” खालून आवाज आला. “काका, त्यांना म्हणावं सळई द्या. लांबवाली.”

“लांब सळई हवीय म्हणे,” ड्रायव्हरकाका थोरलीला म्हणाले.

“ऐकलं मी. बहिरी नाहीये, सांगा तिला.”

“बहिरी नाहीये म्हणे!” काका वाकून ओरडले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “मी ड्रायव्हर आहे की टेलिफोन?”

शेजारीच हवेचा नळ उभा होता. लोखंडी, पोकळ, आजूबाजूच्या छपरांहून उंच. गटारात कोंडलेली घाण हवा वरच्या वर नेऊन सोडणारा. आजोबांनी शहरभर असे नळ उभारले होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी कंपनीचं नाव ओतलं होतं. हा मात्र तुंबला होता. समोरच्या शाळेत मुली नाकाला रुमाल लावून गणितं सोडवत होत्या. थोरलीने बुडाची छोटी झडप उघडून बॅटरी मारली होती. गंजाचे पापुद्रे, पक्ष्यांची जुनी घरटी, सगळं खालच्या वळणात गच्च बसलेलं. चेंबरमधून धाकटी तेच उकरत होती.

“आजोबांनी जन्म घातला यात,” सळई आपटत ती बोलत होती. “आणि संध्याकाळी एक सही करून बाईसाहेब मोकळ्या! मोठ्या कंपनीत खुर्ची मिळणार ना, गोल फिरणारी? फिरा! चक्कर येईपर्यंत फिरा!”

हिसका.

“अगं, भांड तरी माझ्याशी!”

हिसका.

धबाक् करून काहीतरी कोसळलं. “शी! सगळं अंगावर!” धाकटी खोकली.

काकांना राहवेना. “ताई, का विकताय हो? एकदा सांगून तरी टाका.”

थोरली नळाला टेकली. उघडी झडप तिच्या गालाशी होती.

“त्यांच्याकडे यंत्रं आहेत, काका,” ती पुटपुटली. “कॅमेरा सोडतात खाली. माणूस उतरतच नाही. मी इथे दोरी धरून बसते ना, तेव्हा दर वेळी ती मेलेलीच वर येते. मनात हो. बाबांनंतर मला आहे कोण? कंपनी जाऊ दे. ही नको जायला.”

“मग हे तिलाच सांगा की!”

“भित्री म्हणून चिडवेल. वर हट्टाने रोज उतरेल. मी ओळखत नाही का तिला?”

आणि मग तिला जाणवलं. खालून आवाज येत नव्हता.

तिने हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला.

“चिंगे!” शाळेच्या खिडक्यांत माना वळल्या. “चिंगे, बोल गं! शिव्या दे, काहीही बोल! काका, चरखी!”

दोघांनी जीव खाऊन चरखी फिरवली. थोरलीच्या तळहाताची सालटी निघाली. आधी हेल्मेट वर आलं, मग काळाठिक्कर चेहरा, आणि त्यावर डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन स्वच्छ ओघळ.

थोरलीने तिला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. “का गप्प झालीस? नियम माहीत नाही? मला वाटलं…”

धाकटीने बाहीने नाक पुसलं. ते आणखीच काळं झालं.

“नळ मोकळा झालाय, ताई,” ती म्हणाली. “तुझा शब्द न् शब्द खाली ऐकू येत होता.”