आठचा जोड, नऊचा जोड

“बिजली, बैलाईकडे नको पाहू. चाकाकडे पाह्य. फक्त चाकाकडे.”

सासू हे म्हणाली तेव्हा बिजलीबाई नवी नवरी होती. खिंडीच्या चढावर भरल्या गाडीमागून चालत होती, दोन्ही हातांनी गोटा पोटाशी धरून. बैल थांबले की चाकामागे गोटा लावायचा, बैलांनी दम घेतला की उचलायचा. सासू गेली, बैल गेले, गाडीच्या जागी पिकअप आली. आज दारव्ह्याच्या गॅरेजात टिनाच्या सावलीत बसल्या बसल्या तो आवाज कानात आला, आणि बिजलीबाई उगाचच उठून उभी राहिली.

पिकअप मागून उचललेली होती, एक्सल उघडा पडला होता. गिअरचे तुटलेले दात संघदीप मिस्त्रीनं पुठ्ठ्यावर काढून ठेवले होते. शेजारी दोन नवे जोड, तेलकट कागदात गुंडाळलेले.

“क्राउन, हे मोठं चाक, दोन्हीचं सारखंच,” मिस्त्री म्हणाला. “फरक या लहान्या पिनियनमंधी. आठ दाताचा जोड ओढते, नऊचा पळते. तुह्या गाडीत पहिल्या मालकानं नऊचा टाकला होता, म्हणून खिंडीत बोंब व्हाची. बोल बादल, कोणता टाकू?”

“नऊचाच,” बादल म्हणाला. “सोमवारपासून नागपूरचा भाजीपाला लागला आपल्याले. पहाटेच्या लिलावाले पोचलो नाई तं माल फुकट. आठचा टाकून मी काय रोडवर बैलगाडी हाकू?”

“हाकली असती तं कंबर तरी सरळ राह्यली असती तुही,” हिरासिंग म्हणाला. पोराला टोमणा मारायची संधी बाप सोडत नसे.

बिजलीबाई फाटकापर्यंत गेली, परत आली. माठातलं पाणी घेतलं, दोन घोट पिऊन उरलेलं ओतून दिलं.

“अन् तांड्याचा कापूस?” मिस्त्रीनं विचारलं. “खिंड तं तिथंच हाय ना बाप्पा.”

“हप्त्यातून एखाददुसरी खेप. चढते कशीबी.”

“भरलेली? मधातच थांबली तं?”

“याडी हाय ना मांगं,” बादलनं आईकडे मान हलवली.

मिस्त्री पाना पुसत होता, त्याचा हात थांबला. “मावशी? मावशी काय करते मांगं?”

हिरासिंग सरसावून बसला. ही त्याची आवडती गोष्ट होती. “गोटा लावते. आमच्या तांड्यात इच्यासारखी बाई नाई, मिस्त्री. मागच्या हप्त्यात हे दात तुटले ना, तवा कापसानं भरलेली गाडी मांगं घसरली. बाकीच्या बाया पऱ्हाटीच्या वावरात पळाल्या. हे हटली नाई. लावला गोटा चाकाले! गाडी जागच्या जागी. भेव काय असते ते माहीतच नाई इले.”

बाजूला पंक्चर काढणारा माणूसही वळून पाहू लागला. बिजलीबाईनं पदर पुढे ओढला. नवऱ्यानं असं चारचौघांत म्हटलं की ती नेहमी खाली पाहायची. आजही पाहिलं. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. चुलीपाशी लाकूड पडलं, असं तिनं घरी सांगितलं होतं.

“दोन्ही नाई होत का?” हिरासिंगनं विचारलं. “रोडवर नऊ, घाटात आठ?”

“एक्सल हाय काका, चप्पल नाई. घडीघडी बदलवता येत नाई. आता जे बसन ते बसन.”

बादलचा फोन वाजला. भाजीवाला दलाल होता. “हो, हो शेठ, सोमवारी पक्कं,” म्हणत तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. “टाक लेका नऊचा. शेठ थांबून राह्यला.”

मिस्त्रीनं कागद सोडला. नवं लोखंड उन्हात चमकलं. बिजलीबाई बसली, लगेच उठली. लुगड्याला चिकटलेला कापूस वेचू लागली, वेचून झाला तरी बोटं चालूच होती.

“याडी, बस ना एका जागी. पायाले मुंग्या डसून राह्यल्या काय?”

ती बसली नाही. गाडीच्या मागे आली, जिथे ती नेहमी असायची तिथेच, आणि मिस्त्री उचलत होता त्या जोडावर तिनं हात ठेवला. तळवा तेलानं काळा झाला.

“थांब, बाबू.”

“आता तुले काय झालं?” हिरासिंग म्हणाला. “तुले काय समजते त्यातलं?”

“आठचा टाक,” ती मिस्त्रीला म्हणाली.

“याडी, नागपूरचं काम जाईन ना माह्यं!” बादल ओरडला. “अन् खिंडीचं कायले घेऊन बसली? तू असतं ना मांगं.”

तिनं पोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हिरासिंगच्या तोंडावर मघाची मोठेपणाची चमक अजून तशीच होती.

“मले भेव लागते,” ती म्हणाली.

हिरासिंग हसला. पंक्चरवाल्याकडे पाहून हसला. मग त्याचं हसू आपोआप विझत गेलं.

“कवापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”