बारा नावं, अकरा फुल्या

धनश्रीने पिशवीतून फाइल काढली, तेव्हा विश्वेश्वर सरांच्या लक्षात आलं, की हीदेखील कागदासाठीच आलेली आहे. तिला दारात पाहताच त्यांनी घाईघाईने दोन चहा सांगितले होते.

अंबाजोगाईच्या त्या महाविद्यालयात सर सव्वीस वर्षं बास्केटबॉल शिकवत होते. जुने खेळाडू जिमखान्याची पायरी चढत, ती नोकरीची जाहिरात निघाल्यावर. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी त्यांना सरांची सही हवी असे. त्यातले निम्मे कधी मैदानात उतरलेलेच नसत. सर त्यांना तसेच परत पाठवत, आणि परत गेलेला पुन्हा येत नसे.

बंकट शिपायाने कप ठेवले. “सहीसाठी आलाव का, ताई? बगा बाबा. शिक्क्याची शाई वाळून खडा झालीय. सर डबी उघडूच देत न्हाईत.”

“बंकट, तू जा,” सर म्हणाले.

धनश्री हसली. पालीजवळच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून दोन एसट्या बदलून ती आली होती. “वनरक्षक भरतीत निवड झालीय, सर. अण्णा म्हणत्यात, जंगलात शिरलेली आपली मेंढरं पकडायला आपलीच पोरगी चाललीय.” मग तिने एक पत्र पुढे सरकवलं. “पण हितं अडलंय.”

वनखात्याचं पत्र चार ओळींचं होतं. राज्य स्पर्धेतलं सुवर्णपदक मान्य होतं. पण धनश्री प्रत्यक्ष अंतिम सामन्यात खेळल्याचा पुरावा सात दिवसांत आला नाही, तर निवड रद्द होणार होती. स्पर्धेच्या मूळ नोंदी गहाळ झाल्या होत्या. महाविद्यालयाला मिळालेली प्रत तेवढी उरली होती, आणि ती सरांच्या कपाटात होती.

सरांनी अंतिम सामन्याची प्रत काढली. आठ वर्षांपूर्वीचा, निळ्या कार्बनने उमटलेला पातळ गुलाबी कागद. त्यावर बारा मुलींची नावं. जी मुलगी मैदानात उतरते, तिच्या नावापुढच्या चौकटीत लेखनिक फुली करतो. अकरा चौकटींत फुल्या होत्या. बारावी, धनश्रीची चौकट कोरी होती.

धनश्रीने फाइलमधून निळ्या कार्बनचा एक नवा कोरा तुकडा काढला आणि त्या कागदाशेजारी ठेवला.

“एक फुली, सर,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमच्या हातून कागद गेला, तर कुणी इचारायचं न्हाई. तुमी खोटं करत न्हाईत, हे समद्यांला ठाऊक हाय.”

सर कार्बनकडे पाहत राहिले.

“बदली म्हणून उतरायला तू लेखनिकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली होतीस,” ते म्हणाले.

“आठवतंय तुमाला?”

“तीन मिनिटं उरली होती. आपण सव्वीस गुणांनी पुढे होतो.”

“ट्रॅकसूट काढून उभी व्हते मी. तुमी हात करून माघारी बोलावलं. मला वाटलं, बुटाची लेस सुटली आसंल. खाली वाकून बघितली पण.”

“समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने आदल्या दिवशी चारचौघांत विचारलं होतं मला, तुमच्या बीडकडे मैदानं असतात का हो? तीस गुणांनी हरवायचं होतं मला त्यांना.”

“अठ्ठावीस झाले,” धनश्री म्हणाली.

चहावर साय धरू लागली होती. सरांनी पेन उचललं. धनश्रीने गुलाबी कागद त्यांच्याकडे किंचित सरकवला आणि हात मांडीवर घेतला. सरांनी कार्बन उचलला, तो दोन बोटांत क्षणभर धरला आणि तिच्या फाइलमध्ये परत ठेवून दिला.

“ही एक फुली मी केली, तर त्या अकरा जणींच्याही खोट्या होतील, धनश्री.”

“त्या अकरा जणींला आता कोन इचारतंय, सर?”

सरांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. अर्धं पान भरलं. खाली सही करून त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला. धनश्री ओठ हलवत वाचू लागली. सदर खेळाडू अंतिम सामन्यात खेळण्यास पूर्णपणे तयार व सक्षम होती. तिला मैदानात उतरवणे योग्य होते. तिला माघारी बोलावणे ही सर्वस्वी माझी चूक होती. तिच्या खेळात कोणतीही उणीव नव्हती.

“यानं नोकरी मिळंल का, सर?”

“नाही.”

“मंग लिवलं कावून?”

बाहेर बंकट कुणाला तरी मोठ्याने हसून काहीतरी सांगत होता. धनश्रीने तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिने त्याची नीट चार पदरी घडी केली, आणि फाइलमध्ये न ठेवता आपल्या पर्समध्ये ठेवली.

“घरी अजून म्हणत्यात,” ती उठत म्हणाली, “हिला खेळताच येत नव्हतं, आकडा भरायला नेलती. अण्णांला वाचून दाखवते.”

सर दारापर्यंत आले. दुपारच्या उन्हात मैदान रिकामं पडलं होतं. बाहेरचं फाटक बरोबर समोर, मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होतं.

“मधून जा,” सर म्हणाले. “जवळ पडेल.”

तिने मान हलवली. पण ती पांढऱ्या रेषेच्या बाहेरूनच चालत राहिली, आणि कोपऱ्यावर रेषा वळली तशी तीही वळली.