पथ्य सुटलं

"दोन चमचे घाल," दिपेश म्हणाला. "त्यांना दोन लागायचे."

जयाने साखरेचा डबा हातात तसाच धरला. सात महिने हा डबा दिपेशच्या कपाटात कुलपाआड होता. आज त्यानेच तो आणून ओट्यावर ठेवला होता आणि वर आईला माप सांगत होता. बत्तीस वर्षं राघोचा चहा तिनेच केला होता. तिने तीन चमचे घातले.

कढईत तेल तापलं. घरात कित्येक दिवस फोडणी पडली नव्हती, त्यामुळे वास पार जिन्यापर्यंत गेला. राघोची थोरली बहीण कलावती आंबिवलीहून सकाळीच इकडे मोहने गावात आली होती. खाली बसून बटाटे सोलत होती आणि भाच्याकडे बघायचं टाळत होती. आल्या आल्या तिने बजावलं होतं की भावाने जे जे मागितलं ते आज सगळं झालं पाहिजे, एक जिन्नस राहता कामा नये. दिपेशने मान खाली घालून ऐकून घेतलं. इतका निमूट पोरगा जयाने कधी पाहिला नव्हता. कामावर जात नव्हता, दाढी वाढली होती, पलंग सोडून खाली चटईवर झोपत होता.

राघोच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. ऑपरेशन करू, मग औषधाचे डोस देऊ, वेळेत आलाय, वाव आहे. खायचं काय, असं दिपेशने विचारल्यावर म्हणाल्या, पोटात ठरेल ते सगळं. दूध, अंडी, भात, गोडसुद्धा. वजन टिकवा. दारू तेवढी कायमची बंद.

एवढं साधं उत्तर दिपेशला पटेना. बापजाद्यांच्या शेतावर बिल्डिंगा उठून पैसा आलेल्या घरातला पोरगा. साध्या गोष्टीवर त्याचा विश्वासच नाही. मित्र त्याला डोंबिवलीच्या एका हॉलात घेऊन गेला. तिथे पांढरा कोट घातलेला, पण डॉक्टर नसलेला एक माणूस माइकवर सांगत होता की साखर म्हणजे गाठीचं खाणं आणि दूध म्हणजे तिचं खत. खाणं तोडा, गाठ उपाशी मरेल. लोक टाळ्या पिटत होते. दिपेश तिथून छापील चार्ट घेऊन आला आणि फ्रीजवर चिकटवला. साखर बंद, दूध बंद, भात बंद, तेल बंद. सकाळी दुधीचा रस, दुपारी कोबीचा, रात्री उकडलेलं काहीतरी. दारूचं नाव त्या चार्टात कुठेच नव्हतं. हॉलातल्या निम्म्या लोकांना ते रुचलं नसतं.

ऑपरेशन पार पडलं. पण डोसाची वेळ आली तेव्हा बासष्ट किलोचा राघो काट्यावर बेचाळीस भरला. डॉक्टरबाई चिडल्या.

"साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही. माणूस राहतो."

या वजनावर औषध झेपणार नाही, महिनाभर नीट खायला घाला, मगच आणा, असं त्यांनी सांगितलं. परत येताना गाडीत दिपेशने आईला समजावलं की वजन उतरतंय म्हणजे गाठच वितळतेय. तो वाईट नव्हता, तीच पंचाईत होती. बापावर जीव होता त्याचा. वाईट असता तर जयाने त्याला घराबाहेर काढला असता.

राघो मागायचा. आधी भांडून, मग हळू आवाजात, मग नुसता बघून. चहा, वडा, जिलबी. एकदा दिपेश बाहेर पडलेला बघून जयाने पदराखालून अर्धी जिलबी आणली आणि भरवली. दिपेश मोबाइल विसरला म्हणून परत आला. त्याने बापाच्या तोंडात बोट घालून तो तुकडा बाहेर काढला.

"आये, तू मारशील त्यांना."

राघो रडला नाही की ओरडला नाही. त्याने पोराच्या बोटावरचा पाक चाटला.

आज दिपेश स्वतः रांगेत उभा राहून जिलब्या घेऊन आला होता. जास्त झाल्या का, म्हणून त्याने विचारलं. जया म्हणाली, होऊ देत.

"खातील ना, आये?"

सात महिन्यांत पहिल्यांदा तो आईला विचारत होता.

"आता काय इचारतंस?" कलावती बटाट्यावरून नजर न काढता म्हणाली. "चार्टात बघ तुझे."

जयाच्याही डोक्यात तेवढंच होतं. फार नको, एक घास. तिच्या हातचा एक घास त्यांनी मनापासून खाल्ला, की तिच्या काळजावरचा धोंडा उतरणार होता.

वडे तळून झाले. चहा थर्मासात भरला. राघोला कोमट चहा कधी चालला नाही. गावातल्या बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीला वळसा घालून गाडी निघाली, तेव्हा जयाने डबा मांडीवर घट्ट धरला होता. डब्याची ऊब साडीतून लागत होती. गरम आहे तोवर पोचायला हवं, असं ती दोनदा म्हणाली. दिपेशने वेग वाढवला.

नदीकाठी केळीच्या पानावर तिने स्वतः वाढलं. वडे, जिलब्या, भात, बाजूला वाफाळता चहा. मग सगळे पानापासून दहा पावलं मागे सरले. नुकतंच भादरलेलं डोकं घेऊन दिपेश पाण्यात घोटाभर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. थोडं थांबून म्हणाला, माझं चुकलं. मग "बाबा, खा ना, बाबा" एवढंच म्हणत राहिला. चहावरची वाफ गेली, साय धरली. काठावरच्या झाडावर सात-आठ कावळे बसले होते. एकही खाली उतरत नव्हता.