ट्रकभोवतीची चार माणसं

"चार होते?"

दोन रविवार मुक्याने बसून गेलेल्या त्या माणसाने तिसऱ्या रविवारी तोंड उघडलं, ते हे विचारायला. सेफेरिनोच्या हातातला कुंचला इवल्याशा ट्रकच्या दारावर थबकला.

"चार," तो म्हणाला. "सगळ्या आसुन्सिओनला ठाऊक आहे."

"आणि तुमच्या बाजूला?"

"मी. एकटा."

माणसाच्या कपाळाला आठी पडली. त्याने खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं.

आसुन्सिओन शहराला खरंच ठाऊक होतं. पारग्वाई आणि बोलिव्हियाच्या चाको युद्धात तहानेने अर्धमेला झालेला सेफेरिनो नुसता कोयता घेऊन चार बोलिव्हियन शिपायांवर धावून गेला, चौघांनी हात वर केले, मग संधी साधून तिघे पळाले, चौथा ट्रकसकट हाती लागला. त्याबद्दल त्याला पदक मिळालं, आणि पुढची चाळीस वर्षं लोक रस्त्यात टोपी काढून त्याला वाट देत आले. आता माजी सैनिकांच्या सभागृहासाठी तो त्याच ट्रकची छोटी प्रतिकृती करत होता, भोवती ते चार शिपाई आणि समोर कोयता घेतलेला तो स्वतः. पेपरात तिचा फोटोही आला होता. येत्या शनिवारी जनरलसाहेब स्वतः तिच्यावरचं कापड काढणार होते. गोष्टीत खोट एवढीच होती की ते चार नव्हते. एक होता. आणि हे सेफेरिनोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"कराई सेफेरिनो, पाव्हणे आले वाटतं पुन्हा!" शेजारची तोमासा सगळ्यांसारखंच मानाचं 'कराई' लावत, कुंपणावरून बर्फाचा डबा देत म्हणाली. मग आवाज खाली आणून पुटपुटली, "बूट बघा त्याचे. टाचा कशा झिजल्यात. लोकांच्या दाराशी उभं राहून झिजतात असल्या टाचा. तोंडाला कुलूप लावा हो."

कुणी कुणाविषयी कुठे काय कळवेल याचा नेम नसलेले ते दिवस होते. खबऱ्यांच्या पोटावर पाय येऊ नये इतक्या चौकशा चालायच्या. सेफेरिनोने तेरेरेच्या गार चहात बर्फ टाकला, स्वतः एक घोट ओढला आणि पात्र पाहुण्यापुढे धरलं. पाहुण्याने ते रिकामं करून परत दिलं. जुने कागद उपसले असतील सरकारवाल्यांनी, सेफेरिनोच्या मनात आलं. शनिवारच्या आधी खात्री करायला पाठवलाय याला. माणसाचे उच्चारही इथले नव्हते. मुद्दाम परका निवडला असणार.

त्याने पुन्हा कुंचला उचलला. पकडलेली गाडी रंगवायची तर आधी ती शत्रूची म्हणून पुरती रंगवावी लागते, त्यांचा रंग, त्यांचा नंबर, सगळं मन लावून. मग त्यावर आपला रंग घाईघाईत फासायचा, आणि तोही कडेकडेने खरवडायचा, म्हणजे खालचं डोकावतं. हे काम त्याला फार आवडायचं. आज मात्र खालून डोकावणारा तो राखाडी रंग त्याला बघवेना.

पाहुणा उठला. वाकून त्याने ट्रकच्या नाकाडावर, रेडिएटरच्या इवल्याशा झाकणावर बोट ठेवलं.

"इथे तार होती," तो म्हणाला. "झाकणाचे आटे गेले होते. मी तारेने आवळलं होतं."

सेफेरिनोने कुंचला खाली ठेवला. तारेची गोष्ट कुठल्याही कागदात नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी खरं होतं ते एवढंच: पेट्रोल संपलेला ट्रक, आणि सावलीत टेकलेला एकटा बोलिव्हियन ड्रायव्हर. सेफेरिनोला कोयता उचलवतही नव्हता. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, रेडिएटरची खालची तोटी सोडली, गंजाचं तांबडं पाणी टोपीत धरलं आणि आधी सेफेरिनोच्या तोंडाला लावलं. नंतर उरलेलं स्वतः प्यायला. तेवढ्यात पारग्वाईची तुकडी येऊन ठेपली. "किती होते रे?" हवालदाराने विचारलं, आणि सेफेरिनोच्या तोंडून 'चार' निघून गेलं. ड्रायव्हरला बांधून नेलं. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं होतं.

"नाव काय तुमचं?" त्याने आता विचारलं.

"माकारियो. लेक इथे दिलीय, तिच्याकडे आलो होतो. पेपरात फोटो पाहिला."

सेफेरिनोला इतकी लाज वाटली की मान वर होईना. ट्रकभोवती हात वर करून उभ्या असलेल्या त्या चार बोटभर शिपायांकडे तो बघत राहिला. मग त्याने पक्कड उचलली.

"शनिवारी जनरलसमोर मीच सांगतो," तो म्हणाला. "पदक गेलं तर जाऊ दे. मला तुम्ही पाणी पाजलंत, हे सांगतो. हे तिघे आत्ता उपटतो."

माकारियोने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"अहो, काय करताय! वेड लागलंय का? शत्रूला पाणी पाजून ट्रक दिला असं गावात कळलं तर पोरं दगड मारतील मला. नातवाला बंदुकीतली शेवटची गोळी संपल्याचं सांगून सांगून घसा सुकलाय माझा!" त्याने वही उघडून पुढे धरली. पानावर ट्रक काढलेला होता आणि त्याभोवती दाटीवाटीने बारक्या फुल्या. "तुमच्या ह्या ट्रकचा फोटो न्यायचाय घरी. माझे हे चार राहू द्या, हरकत नाही. पण पाया पडतो, तुमच्या बाजूला अजून अकरा जण उभे करा. मी गावात बारा सांगितलेत."