नव्या पेटीतलं काडतूस

जखमी रानडुक्कर बाभळीखाली फुरफुरून राह्यलं होतं अन् फांदीले लटकलेल्या बबनचे पाय त्याच्या पाठीच्या वीतभरच वर होते. वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, नत्थूजीनं रायफलीत नव्या पेटीतलं काडतूस भरलं. जुनी संपली होती. बाजूले उभ्या कोकिळेनं त्याचा हात धरला. “अजी, थांबा! काल इथूनच मडक्यावर झाडली, त नव्या काडतुसाची गोळी वीतभर वर गेलती!” “मंग काय माह्या भावाले तसाच सोडू?” फांदी कडकडली. “नवराबायकोचं भांडण घरी करजा!” बबन वरून बोंबलला. “डुकरावर नाई, पोटाखालच्या रिकाम्या जागेवर नेम धरा,” कोकिळा म्हणाली. “हवेले मारू?” “मारा!” नत्थूजीनं दात खाल्ले, पण नळी खाली आणली. बार झाला. डुक्कर जागच्या जागी आडवं झालं. “बबन्या, उतर आता!” नत्थूजी ओरडला. बबन उतरला नाई. फांदीले मिठी मारून तो पायाची बोटं मोजून राह्यला होता.