उशिराचं कारण

"स्तनाचा कॅन्सर आहे. काखेपर्यंत पोचलाय," डॉक्टर म्हणाले. मग बाईंना सोडून त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

नवऱ्याने मान खाली घातली. टेबलाच्या कडेला सिस्टर फॉर्म भरत होती. 'उशिराचे कारण' या रकान्यात तिने लिहिलं, रुग्णाचा निश्काळजीपणा.

बाईंनी ते समोरून, उलटंच वाचलं. तेवीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होत्या. कागद उलटा असो की सुलटा, नजर चुकीवरच जाऊन बसायची.

"सिस्टर, पोटफोड्या ष हवा."

"काय?"

"निष्काळजीपणात. पण असू द्या, तो शब्दच काढायचाय."

"अगं, जाऊ दे ना," नवरा पुटपुटला. "आता काय उपयोग?"

"जाऊ दे, जाऊ दे करतच वर्ष गेलं." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पिशवीतून तीन केसपेपर काढून टेबलावर ठेवले. "लिहा. गेल्या मार्चात गाठ दाखवायला इथेच आले. हातही न लावता सांगितलं, या वयात होतं असं, मनाला लावून घेऊ नका. जुलैत आले, तपासणीचं मशीन बंद. डिसेंबरात मशीन चाललं, तर रिपोर्ट हरवला."

"तेव्हा मी इथे नव्हतो, बाई," डॉक्टर म्हणाले.

"मी होते."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"एवढं रकान्यात मावायचं नाही," ती हळूच म्हणाली.

"मागची बाजू कोरी आहे."

सिस्टरने लिहून कागद पुढे केला. बाईंनी तो टेबलावर सपाट ठेवला, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला, एक राहिलेला अनुस्वार दिला आणि डॉक्टरांसमोर सरकवला.

"सही करा. मग ऑपरेशनचं बोलू. मला सगळं ऐकायचंय, वाईटसुद्धा."

अर्ध्या तासाने दोघं बाहेर पडली. पुढची बाई आत आली, पदर आवळून खुर्चीच्या टोकावर बसली. सिस्टरने नवा फॉर्म घेतला. पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

"ताई," तिने विचारलं, "याआधी किती वेळा आला होतात?"